मॅडमविरुद्ध तक्रार करू, की गप्प बसू?

पत्र थोडक्यात : खानापूर तालुक्यातल्या (जि. सांगली) एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचे मालक गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात तमिळनाडूत असतात. धाकटे दीर तीन वर्षांपूर्वी अपघातात गेले, जावेनं दुसरं लग्न केलं. नऊ वर्षांचा पुतण्या तेव्हापासून ताई आणि त्यांच्या सासूबाईंकडे वाढतो आहे. मध्यंतरी त्याच्या पोटरीवर भाजल्याची खूण शाळेतल्या बाईंना दिसली. पोरगा नीट काही सांगेना, म्हणून त्यांनी १०९८ ला, मुलांसाठीच्या मदतवाहिनीला, फोन केला. मुलाला बाल कल्याण समितीपुढे नेलं आणि तिथून बालगृहात ठेवलं. पुढे गृहचौकशीला एक मॅडम आल्या. ताई तेव्हा द्राक्षबागेत कामावर होत्या, घरी सासूबाई एकट्या, आणि त्यांना ऐकू कमी येतं. वीसेक मिनिटांत मॅडम निघाल्या. जाताना शेजारच्या घरी बोलल्या, ज्यांच्याशी या घराचा बांधावरून दावा चालू आहे. नंतर फोनवर ताईंना म्हणाल्या, "तुम्हाला पोरगं नको, बालसंगोपनाचे पैसे पाहिजेत" (म्हणजे मुलाच्या सांभाळासाठी सरकारी योजनेतून मिळतात ते). समितीनं पुढची चौकशी होईपर्यंत मुलाला बालगृहातच ठेवायचा आदेश दिला, त्याला अठरा दिवस झाले. ताईंचा भाऊ म्हणतो, त्या बाईचा फोटो टाकून फेसबुकवर व्हिडिओ करू आणि आमदारांकडे जाऊ. सासूबाई म्हणतात, सरकारच्या वाटेला जाऊ नका, डूख धरतील आणि पोर कधीच देणार नाहीत. ताई विचारतात : तक्रार करू का?

उत्तर

ताई, आधी तारखेचं बोलते, बाकीचं मागून. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १०१ प्रमाणे समितीच्या आदेशावर बाल न्यायालयात अपील करायला तीस दिवस मिळतात. तुमचे अठरा गेलेत. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायालय ऐकून घेऊ शकतं, पण त्या भरवशावर राहू नका. अपील करावं की नाही हे वकिलाला ठरवू द्या. त्यासाठी आदेशाची प्रत घेऊन सांगलीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा. बाई म्हणून तुम्हाला तिथे मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. आदेशाची प्रत हातात नसेल तर समितीकडे लेखी अर्ज करून आधी ती मागा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तक्रार जरूर करा. पण पत्रात तुम्ही तक्रार आणि पोराचं परत येणं हे एकाच दोरीला बांधलं आहे. मॅडमवर कारवाई झाली की पोरगा घरी येईल, असा तुमचा हिशोब दिसतो. तसं होत नाही. मॅडमची उद्या बदली झाली तरी तो अहवाल फायलीत राहील, आदेशही राहील आणि तुमचा पुतण्या बालगृहातच असेल. गृहचौकशी करणारी व्यक्ती अहवाल देते, निर्णय समितीचा असतो. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते, तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या खंडपीठाचे अधिकार असतात आणि अंतिम निर्णयाला किमान तीन जण हजर लागतात. म्हणून मॅडमनी काय केलं यापेक्षा समितीपुढे अजून काय आलेलं नाही, हा प्रश्न तुम्ही आधी हाती घ्यायला हवा.

आणि बरंच काही आलेलं नाही. तो डाग मोटारसायकलच्या सायलेन्सरचा आहे, असं तुम्ही लिहिता. चटका बसला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, मलम दिलं, केसपेपर घरात आहे, हेही लिहिता. मग हा केसपेपर समितीनं पाहिला का? पत्रावरून तरी नाही. तारीख घातलेला, डॉक्टरच्या हातचा कागद तुमच्या कपाटात पडून आहे आणि तुम्ही भावाशी व्हिडिओची चर्चा करता आहात. तो कागद आजच बाहेर काढा. सोबत बालसंगोपन योजनेचे महिन्याचे २,२५० रुपये जमा होतात त्या खात्याचं पासबुक आणि त्यातून केलेल्या वह्या-कपड्यांच्या, दवाखान्याच्या पावत्या जेवढ्या सापडतील तेवढ्या. शाळेची हजेरी आणि प्रगतिपुस्तक. बांधाच्या दाव्याची तहसीलमधली नोटीस.

शेजाऱ्यांना विचारलं यात मॅडमची चूक नाही, चौकशीत शेजार विचारायचाच असतो. त्या घराशी दावा चालू आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, किंवा त्यांनी ते विचारलं नाही, इथे खोट आहे. ती भरून काढायला दुसरी नावं तुम्हीच द्या : अंगणवाडी सेविका, आशाताई, गल्लीतलं पलीकडचं घर, सरपंच. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते आणि सरपंच तिचे अध्यक्ष असतात, तेव्हा त्यांचं म्हणणं नुसत्या ओळखीच्या माणसाचं धरलं जात नाही.

हे सगळं 'लेखी म्हणणे' म्हणून समितीच्या अध्यक्षांच्या नावे द्या. कलम ९९ खाली मुलाबद्दलचे अहवाल गोपनीय असतात, त्यामुळे अख्खा अहवाल हातात पडेल असं धरून चालू नका. पण त्याच कलमात समितीला अहवालाचा सारांश पालकाला कळवता येतो आणि त्यावर पुरावा द्यायची संधी देता येते. अर्जात ते कलम नाव घेऊन लिहा. पाठोपाठ दुसरी विनंती : गृहचौकशी दुसऱ्या अधिकाऱ्याकडून, तुम्ही आणि सासूबाई दोघी घरी असताना पुन्हा व्हावी. "तुम्ही चुलती, तुमचा काय अधिकार?" असं कुणी विचारलं तर गांगरू नका. ज्याच्याकडे मुलाचा प्रत्यक्ष सांभाळ आहे असं समितीला वाटतं, त्यालाही हा कायदा पालक मानतो. मात्र पोराची आई हयात आहे. समिती तिलाही विचारेल, विचारायलाच हवं. जावेबद्दल मनात काही असलं तरी तिचं संमतीपत्र मिळत असेल तर मिळवा. तिच्याशी बोलायला सासूबाईंना न्या.

आता मॅडमविरुद्धची तक्रार. हा वेगळा कागद, वेगळ्या टेबलावर जाणारा. अशा मॅडम बहुधा जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या असतात किंवा समितीनं काम सोपवलेल्या एखाद्या संस्थेच्या. त्या कोणाच्या हे आधी विचारून घ्या. कक्षाच्या असतील तर तक्रार जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे, संस्थेच्या असतील तर संस्थेच्या प्रमुखांना देऊन तिचीच प्रत त्याच अधिकाऱ्यांना. तिथे हललं नाही तर पुण्याचं महिला व बाल विकास आयुक्तालय आणि मुंबईचा राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे. गाऱ्हाणं खुद्द समितीच्या कामाबद्दल असेल, म्हणजे तारखेला तुमचं ऐकूनच घेतलं नाही किंवा कागद स्वीकारला नाही, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर कलम २७ च्या पोटकलम १० खाली जिल्हाधिकारी ते ऐकतात. दोन्ही बाजूंना बोलायची संधी देऊन त्यांनी आदेश द्यायचा असतो. आणि कुणी पैसे मागितले असतील तर यातलं काहीच करत बसू नका, सरळ लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर फोन करा.

तक्रार कशी लिहायची, हे जरा थांबून सांगते, कारण चांगल्या तक्रारी इथेच मातीत जातात. "मॅडमनी आमच्यावर अन्याय केला, खोटा अहवाल दिला, त्यांना निलंबित करा" एवढं लिहिलं की वाचणारा अधिकारी दुसऱ्या ओळीला कागद बाजूला ठेवतो, कारण त्यात तपासण्यासारखं काही नसतं. तुमचं म्हणणं असं लिहून पाहा :

"अमुक तारखेला दुपारी मॅडम घरी आल्या. येणार असल्याचं आधी कळवलं नव्हतं. मी त्या वेळी बागेत कामावर होते, मुकादमाकडे माझी हजेरी आहे. घरी फक्त सासूबाई होत्या, त्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मॅडमनी मुलाची झोपायची जागा व वह्या पाहिल्या नाहीत. माझ्याशी प्रत्यक्ष भेट झाली नाही. शेजारच्या ज्या घरी विचारणा केली त्यांच्याशी आमचा बांधाचा दावा चालू आहे (नोटीस सोबत). त्याच संध्याकाळी फोनवर मॅडम मला म्हणाल्या..."

आणि पुढे ते वाक्य जसंच्या तसं. मीठमिरची नको. शेवटी मागणी अशी घाला जी तो अधिकारी खरोखर पूर्ण करू शकतो : चौकशी दुसऱ्याकडून व्हावी, फोनवरच्या त्या वाक्याबद्दल मॅडमचा खुलासा घ्यावा, पुढच्या भेटीआधी कळवावं. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती पोच जपून ठेवा. टपालानं पाठवली तर स्पीड पोस्टाची पावती जपा. तोंडी तक्रारीचा पुढे काही माग राहत नाही.

मॅडमच्या बाजूनंही दोन शब्द बोलते, त्यानं तुमचं दुःख हलकं होणार नाही हे माहीत असूनही. सांगली जिल्हा दहा तालुक्यांचा. शिराळ्याच्या डोंगरापासून जतच्या टोकापर्यंत पसरलेला. बाल संरक्षण कक्षातली माणसं मोजकी, बहुतेक कंत्राटी, आणि सामाजिक तपासणीचा अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असा कायद्याचा दंडक. चार महिन्यांत समितीनं अंतिम आदेश द्यायचा, म्हणून ही घाई. तुमच्या दारात वीस मिनिटं थांबलेली बाई त्याच दिवशी आणखी कुठल्या दारात उभी होती ते आपल्याला दिसत नाही. म्हणून तिनं तुमच्याशी तसं बोलावं असं मुळीच नाही. फोनवरचं ते वाक्य कुठल्याच घाईत बसत नाही आणि त्याची तक्रार व्हायलाच हवी. पण वीस मिनिटांची भेट हा कामाचा दोष आहे, ते वाक्य हा वागण्याचा. दोन्ही एकाच कागदावर असू द्यात, फक्त वेगवेगळे मांडा. नाहीतर रागाच्या भरात कामाचा दोष कटकारस्थान वाटायला लागतो आणि आपलं खरं म्हणणंही पातळ होतं.

शाळेतल्या बाईंवर मात्र राग धरू नका. पोरानं काही सांगितलं नाही, पोटरीवर डाग दिसला, त्यांनी फोन केला. उद्या खरोखर कुणी एखाद्या पोराला चटके देत असेल तर त्याच्यासाठीही असंच कुणीतरी फोन करायला हवं.

आता ज्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ अडले, तिच्याकडे येते. पत्राच्या मागच्या पानावर, कडेला तुम्ही लिहिलंय : "मालक दिवाळीला आले होते तेव्हा गादी ओली केली म्हणून त्याला पट्ट्यानं मारलं होतं, पण ते एकदाच, वळ कधीच गेले." तुम्ही हे लिहिलंत, लपवलं नाहीत, म्हणूनच मी तुमच्यावर विश्वास ठेवून हे सगळं सांगते आहे. पण ताई, वळ गेले म्हणजे ते गेलं असं नाही. डाग कशाचा हे विचारल्यावर पोरगा गप्प का राहिला, याचा विचार केलात का? सायलेन्सरचा चटका सांगायला एवढं काय अवघड होतं? कदाचित कुणी अंगावरच्या खुणेबद्दल विचारलं की त्याला पट्टाच आठवत असेल. कदाचित बालगृहातल्या समुपदेशकाला त्यानं तो सांगितलाही असेल. तसं असेल तर मॅडमच्या अहवालातली सगळी वाक्यं खोटी नाहीत, आणि तुम्ही "अहवाल पूर्ण खोटा आहे" असं लिहून दिलंत तर समितीपुढे तुमचा केसपेपरही संशयात येईल.

बाप गेला, आई गेली, आणि नऊ वर्षांचं पोर रात्री अंथरूण ओलं करतं. त्याला डॉक्टर लागतो. कोरडी चादर लागते आणि सकाळी त्यावरून घरात कुणी काही न बोलणं लागतं. पट्टा लागत नाही, एकदाही नाही. कायदाही यात कडक आहे. सांभाळ करणाऱ्यानंच मुलाला मारहाण केली तर कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून या गोष्टीबद्दल लेखी काही देण्याआधी विधी सेवेतल्या वकिलाशी मोकळेपणानं बोला, आणि तो सांगेल तसं, पण खोटं न लिहिता, मांडा. समितीला चुका न करणारं घर कुठून मिळणार? या घरात पुन्हा असं होणार नाही याची खात्री तिला हवी असते. ती खात्री कोरड्या शब्दांनी पटत नाही. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पोराच्या या त्रासाबद्दल विचारून आलो, समुपदेशनाला आम्ही सगळे यायला तयार आहोत, पुढचं वर्षभर घरी येऊन पाहिलं तरी आमची हरकत नाही, असं लिहून द्या. बालगृहात ठेवणं हा शेवटचा उपाय असावा आणि मूल होता होईल तो कुटुंबात परत जावं, हे त्या कायद्याचंच तत्त्व आहे. समितीला त्या तत्त्वावर उभं राहता येईल अशी जागा तुम्ही तयार करायची आहे.

भावाला सांगा, व्हिडिओ नको. चौकशीतल्या मुलाचं नाव, फोटो, शाळा, गाव, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला कलम ७४ ची मनाई आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षेचं सोडा, उद्या तो पोरगा परत त्याच शाळेत जाणार आहे, आणि वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी फोन आहे. आमदारांच्या कार्यालयाचंही सांगते. तिथून अधिकाऱ्याला फोन गेला तर तुमची फाईल लवकर उघडेल कदाचित, पण समिती निकाल देणारी आहे, तिच्यावर दाब आणल्याचं दिसलं की तुमच्याबद्दलचं मत बिघडतं. माणसं गोळा करून कार्यालयात जाणं तर अजिबात नको, सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा भावावर लागायला वेळ लागणार नाही.

सासूबाईंची भीती मी थट्टेवारी नेणार नाही. त्यांनी उभ्या आयुष्यात तलाठ्यापासून पोलिसापर्यंत जे पाहिलं त्यातून ती आलेली आहे. पण गप्प बसलेल्या घराचं म्हणणं फायलीत नसतंच, आणि समिती फायलीत आहे त्यावरच ठरवते. नीट भाषेत, कागदपत्रांसह, पोच घेऊन केलेली तक्रार हीच डूख धरण्याविरुद्धची तुमची ढाल आहे, कारण त्यानंतर काही वाकडं झालं तर कुठून सुरू झालं ते तारखेनिशी दिसतं. क्रम मात्र पाळा. आधी समितीपुढे लेखी म्हणणं, आणि ते दाखल झालं की त्याच आठवड्यात मॅडमविरुद्धची तक्रार.

ज्यांची तक्रार याच्या नेमकी उलट आहे अशांचीही पत्रं येतात : शेजारच्या पोराला रोज मारतात, १०९८ ला सांगितलं, कुणी फिरकलं नाही, किंवा मुलीचं लग्न ठरवलंय, कळवलं, पण हालचाल नाही. त्यांनाही मार्ग हाच आहे. फोन केल्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवा, लगेच जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा, पोच घ्या, आणि जिवाला धोका असेल तर ११२ वर पोलिसांना बोलवा. न आलेल्या अधिकाऱ्याची तक्रार ही आलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीपेक्षा तसूभरही कमी महत्त्वाची नाही, उलट ती फार कमी जण करतात.

बालगृहात पोराला भेटायची परवानगी समितीकडे मागा आणि मिळेल तेव्हा जा. भेटीत त्याला "असं सांग, तसं सांगू नको" असं काहीही पढवू नका. मुलाचं म्हणणं समितीनं ऐकायचं असतं, आणि पढवलेलं बोलणं अनुभवी माणसाला लगेच कळतं. त्याच्या मनात एकच असणार, की आपल्यामुळे हे झालं. त्याची काही चूक नाही, घरी त्याची वाट बघतोय, एवढंच त्याला सांगा, आणि शाळेत काय चाललंय ते विचारा.

आणि मालकांना पुढच्या तारखेला बोलावून घ्या. भट्टी चार दिवस दुसऱ्या कुणाकडे सोपवता येईल. त्यांच्या तोंडचं तुम्ही सांगण्यात अर्थ नाही, फोन लावून देण्यातही नाही. वकिलाला आधी भेटून, मग समितीपुढे बसून, दिवाळीत काय झालं आणि यापुढे ते काय करणार आहेत हे त्यांनी स्वतः सांगायला हवं.